उभ्या गाडीतली थरथर

२ मार्च

ही डायरी लेकीने पाठवली. आत चिठ्ठी: "बाबा, आता रिकामा आहेस, लिहीत जा." रिकामा! निवृत्त माणसाला सगळे रिकामा म्हणतात, आणि सकाळपासून गॅस सिलिंडर, नळवाला, बँक अशी सगळी कामं त्याच्याच गळ्यात मारतात. कागद मात्र गुळगुळीत आहे. त्यावर पेन घसरतं, आणि अक्षर बारीक बारीक होत जातं. पेन बदलायला हवं.

आज लिहिण्यासारखं घडलं म्हणून बसलो. मोठी गाडी घ्यायची ठरली. लेक घाटापलीकडे राहते आणि मेच्या मध्यावर तिला बाळ होणार आहे. मी तिला शब्द दिलाय की बाळ यायच्या आधी तुझ्या आईला नव्या गाडीतून मी स्वतः घाट चढवून आणतो. सध्याचं आमचं डबडं घाट बघितला की धापा टाकतं. मागच्या खेपेला अर्ध्या चढावर बॉनेट उघडून उभे होतो, आणि ही बाजूच्या दगडावर बसून संत्री सोलत होती.

तर गाडी ठरली, रंग ठरला, इंजिन ठरायचं आहे. एकाच गाडीत दोन डिझेल इंजिनं मिळतात. लहान चार सिलिंडरचं, मोठं सहा सिलिंडरचं. बाकी गाडी तीच. लोक ताकद बघतात, मायलेज बघतात. मी थरथर बघणार. आयुष्यभर तेच केलं. मोठाले पंखे, पंप, टर्बाइन हलायला लागले की मला बोलवायचे. मापन यंत्र लावायच्या आधी मी उजवा तळवा कव्हरवर ठेवायचो आणि सांगायचो, पलीकडचं बेअरिंग गेलंय. कारखान्यात मला नावाने कोणी हाक मारली नाही. तळवासाहेब.

ही म्हणाली, "चालवायला सोपं कोणतं ते विचारा." म्हटलं, चालवणारा मी आहे, तुला त्याची काळजी कशाला?

६ मार्च

शोरूमला जाऊन आलो. काचेचा महाल आहे. आत शिरताच थंडगार हवा, आणि एक चुणचुणीत मुलगी पुढे आली. तिने सगळा पाढा वाचला. मी तिला मध्येच थांबवून म्हटलं, बाई, मला कागदावरचं सांगू नका, किल्ली द्या.

हिने तिथे भलतेच प्रश्न विचारले. सीट किती वर येते? बुटक्या माणसाला बॉनेटचं टोक दिसतं का? कोणतं इंजिन वजनाला हलकं, म्हणजे वळवायला कोणती सोपी? मुलगी कौतुकाने उत्तरं देत होती. मला हसू आलं. हिने गाडी शिकायची म्हणून लग्नानंतर दोनदा हट्ट केला होता आणि दोन्ही वेळा गेटचा खांब वाकला होता.

एक मानलं पाहिजे. डिझेलचा वास म्हणून नाही. अजिबात नाही. ही म्हणाली, मला तर येतोय. तिचं नाक जरा जास्तच तिखट आहे.

लहान इंजिन चालवलं. पहिल्याच सिग्नलला गाडी उभी राहिली आणि इंजिन आपोआप बंद! मी दचकलो. मुलगी म्हणाली, सर, इंधन वाचावं म्हणून सिग्नलला ते स्वतःच बंद होतं, ब्रेक सोडला की सुरू होतं. म्हटलं, असला आगाऊपणा मला नको, बंद करायचं बटण दाखवा. दाखवलं. ते मी दाबून टाकलं, तेव्हा कुठे जीव थंड झाला. मग पुन्हा उभं राहून उजवा तळवा स्टिअरिंगच्या खालच्या कडेवर सैल ठेवला. आली. बारीक, पण थरथर आली. चार सिलिंडर, दुसरं काय. निकाल लागला. मोठं घ्यायचं.

१० मार्च

निकाल लागला नाही.

आज मोठं इंजिन चालवलं. रेशमासारखं असतं म्हणतात. आवाज खरंच रेशमासारखा. पण तळव्याला तीच थरथर! गाडी चाळीसवर ठेवून मी मुलीला म्हटलं, हात ठेवून बघा. तिने ठेवला. "मला नाही जाणवत सर." तिला कशी जाणवणार? त्याला हात तयार व्हावा लागतो.

मी मोजलं. सेकंदाला साधारण पाच ठोके. इंजिन एवढं संथ काही करत नाही. पण ताशी चाळीसला चाक सेकंदाला पाच वेळा फिरतं. म्हणजे चाकाचा तोल गेलाय. एवढ्या महाग गाडीची चाकं धड बसवलेली नाहीत! हे त्यांना सांगितलं. मॅनेजर वरमला, दोन दिवसांत चाकं तपासून देतो म्हणाला. जुना दिमाख परत आला. येताना हिला सगळं समजावलं. ती माझ्या हाताकडे बघत "हं, हं" करत होती.

रस्त्यात ढिल्याची आठवण झाली. आमच्याकडे नवा लागलेला एक इंजिनिअर होता. त्याने पंप हलतोय म्हणून अख्खा पंप उघडून ठेवला, दोन पाळ्या काम बंद. मी जाऊन बघतो तर पंप ठणठणीत. याने सेन्सर नीट चिकटवलाच नव्हता, तोच लटपटत होता. मग काय, मी निवृत्त होईपर्यंत त्याचं नाव ढिला. पुढे येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी मी तेच सांगायचो. यंत्राला नावं ठेवायच्या आधी स्वतःचा सेन्सर घट्ट आहे का ते बघा. हिला ही गोष्ट पन्नासदा सांगून झाली असेल. आज पहिल्यांदाच ती हसली नाही.

१३ मार्च

चाकं तपासली. म्हणे तोल अचूक होता. पुन्हा हायवेला काढली. चाळीसला पाच, ऐंशीला पण पाचच. चाक असतं तर वेग वाढल्यावर दुप्पट झालं असतं. म्हणजे चाक नाही. आता राहिलं इंजिनाखालचं रबर. दोन्ही गाड्यांना एकच सदोष रबर बसवलंय, असं माझं पक्कं मत आहे.

घरी वैताग चालू आहे. संध्याकाळी एका लग्नाला जायचं होतं. हिच्या गळ्यातल्या साखळीचा आकडा लावून द्यायला बसलो तर लागेचना. हल्ली आकडे इतके बारीक करतात की चिमटा लागेल. शेवटी तिने स्वतःच मान वाकडी करून लावला. लेकीचा व्हिडिओ कॉल आला तर म्हणते, "बाबा, फोन स्थिर धर ना, मला गरगरतंय." फोनच तसला आहे, हातात राहत नाही. दूध उतू जाऊन जळलं, त्याचंही माझ्यावरच. मी तिथेच टेबलाशी बसलो होतो म्हणून. बसलो होतो, पण वास यायला तर हवा!

ही हल्ली सकाळी पोहायला जाते. येते ती घामाघूम आणि वैतागलेली. म्हटलं, जमत नसेल तर सोड. "जमेल," म्हणाली.

१८ मार्च

आजचं लिहू की नको असं झालंय. पण डायरी खोटी ठेवण्यात अर्थ नाही.

हिने आज टेस्ट ड्राइव्हला तिच्या भावाला बोलावलं. मेहुणा डॉक्टर आहे. त्याला गाडीतलं काय कळतं, देव जाणे. तो पुढे माझ्या शेजारी बसला आणि सारा वेळ रस्ता सोडून माझ्याकडे बघत होता. निघायच्या आधी मला म्हणाला, "भाऊजी, जरा अंगठ्यावर बोट आपटून दाखवा. भराभर." मी म्हटलं, हा काय पोरखेळ? तरी दाखवलं. मग म्हणाला, चालून दाखवा तिथपर्यंत. मी चाललो. म्हणाला, उजवा हात का हलवत नाही चालताना? अरे, हातात किल्ली आहे!

त्यात डोकं तापलं. त्याच तापल्या डोक्याने गाडी काढली. बाजारच्या चौकात एक बाई सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होती. मी तिला बघितलं. नीट बघितलं, हे मी शपथेवर सांगतो. पाय ब्रेककडे न्यायचा म्हणून नेला, पण तो पोचायला उशीर झाला. गाडी तिच्या चाकापासून हातभर अंतरावर थांबली. सायकल आडवी झाली, तिच्या पिशवीतले बटाटे रस्ताभर. शोरूमची मुलगी मागच्या सीटवर पांढरीफटक पडली होती. मेहुणा उतरून बटाटे गोळा करायला लागला.

मी मुलीला म्हटलं, ब्रेक सुस्त आहेत या गाडीचे. परत येताना मेहुणा म्हणाला, मी चालवतो. मी किल्ली दिली. का दिली, मलाच कळलं नाही.

घरी आल्यावर ही आणि तो स्वयंपाकघरात दार लोटून बोलत बसले. मी आत गेलो तर दोघं एकदम हवापाण्यावर बोलायला लागले. म्हटलं, काय शिजतंय? ही म्हणाली, "काही नाही. आपण गाडी राहू द्यायची का? लेकीकडे बसने जाऊ." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी शब्द दिलाय. जन्मात कधी दिलेला शब्द मोडला नाही आणि आता मुलीच्या बाळंतपणाला बसमध्ये पिशव्या सांभाळत जाऊ? लोकांच्या टर्बाइन ठीक केल्या मी. एक चारचाकी मला चकवते म्हणजे काय?

जेवलो नाही.

२१ मार्च

शोरूमचा फोन. लहान इंजिनाची गाडी तयार उभी आहे, सांगाल तेव्हा न्या. मोठ्या इंजिनाची नोंदणी कंपनी एप्रिलअखेर बंद करतेय, पुढे कधी सुरू होईल सांगता येत नाही. म्हणजे ठरवा, आणि लवकर ठरवा. मी त्यांना सांगितलं, तुमचा सगळ्यात मोठा इंजिनिअर बोलवा. त्याच्या देखत मी थरथर दाखवतो. मग बघू कोण खरं ते.

मॅनेजर म्हणाला, बुधवारी बोलावतो. त्याचा आवाज असा होता की म्हाताऱ्याची समजूत घालतोय. घालू दे. मी ढिला नाही.

ही दोन दिवस माझ्याशी फक्त कामापुरती बोलतेय. रात्री मध्येच जाग आली तर माझा उजवा हात तिने आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला होता. झोपेत असेल.

२५ मार्च

इंजिन बंद होतं.

२ एप्रिल

आठवडाभर डायरी उघडली नाही. आज लिहितो. तेव्हाचं एकच वाक्य वर आहे, आणि ते वाचून उद्या कोणाला काही कळायचं नाही. मलाही कळू नये असं वाटत होतं.

तर त्या बुधवारी इंजिनिअर आला. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. मोठ्या इंजिनाची गाडी. मी चालवायला, तो शेजारी, ही मागे. तो म्हणाला, तुम्ही चालवा, मी हात ठेवून बघतो. मी त्याला सगळा हिशेब दिला: पाच ठोके, चाक नाही, ब्रेक सुस्त, रबरावर संशय. तो मान डोलावत होता. माझ्या धंद्यातलं त्याला कळत होतं, त्यामुळे मला बरं वाटलं.

मोठ्या चौकात लाल दिवा लागला. गाडी उभी केली. तळवा स्टिअरिंगवर सैल सोडला आणि म्हटलं, "आली बघा. आत्ता. ठेवा हात."

त्याने हात ठेवला नाही. समोर बघत हळूच म्हणाला, "साहेब, आत्ता इंजिन बंद आहे."

मी ते आगाऊ बटण दाबायला विसरलो होतो. दिवा लाल झाल्यावर इंजिन स्वतःच गप्प झालं होतं. समोरचा काटा शून्यावर. ना इंजिन, ना चाक, ना रबर. गाडी दगडासारखी उभी. आणि माझा तळवा स्टिअरिंगवर हलत होता. सेकंदाला पाच.

मी आरशात बघितलं. ही खिडकीबाहेर बघत होती. तिचे डोळे भरलेले होते, पण त्यात आश्चर्य कुठेच नव्हतं. हिला माहीत होतं.

दिवा हिरवा झाला. मागचे हॉर्न वाजवायला लागले. इंजिनिअर म्हणाला, "मी घेऊ का?" आणि उतरून माझ्या बाजूला आला. भर चौकात, लोकांच्या देखत, आम्ही जागा बदलल्या.

घरी आल्यावर मी हिच्यावर ओरडलो. इतक्या वर्षांत नसेन ओरडलो तसा. तुला माहीत होतं? हो. कधीपासून? म्हणाली, "दिवाणखान्यात पेपर वाचताना पेपर वाजायचा, तेव्हापासून. मागच्या पावसाळ्याच्या आधी." मग मला सांगितलं का नाहीस? तर म्हणाली, "तीनदा सांगितलं. एकदा तुम्ही पेपरला दोष दिला, एकदा पंख्याला, एकदा मला." मला तिन्ही आठवले. पंखा तर मी उतरवून तोलून परत बसवला होता.

मग तिने आवाज न चढवता विचारलं, "तुम्हीच सांगता ना सगळ्यांना, आधी सेन्सर बघा म्हणून?"

मी बाहेर जाऊन आमच्या डबड्यात बसलो. किल्ली नव्हती. नुसता बसलो. उजवा हात मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिलो. याच हाताने मी किती यंत्रांना आजारी ठरवलं. ढिल्याचा नंबर माझ्याकडे आहे. त्याला फोन करावासा वाटला. केला नाही. लाज वाटली.

९ एप्रिल

मेहुणा मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी बोटं आपटवली, चालवलं, वर्तुळं काढायला लावली, वास येतो का विचारलं. मग सांगितलं, कंपवात. सुरुवात आहे, औषधं चांगली आहेत, माणूस वर्षानुवर्षं नीट जगतो. मी विचारलं, गाडी? म्हणाले, औषध नीट लागू पडेपर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाही, मग तपासून बघू. घाटाचं तर आत्ता नावच काढू नका.

मी विचारलं, औषधाने हात पहिल्यासारखा होईल? ते म्हणाले, बरंचसं थांबेल. माझ्या धंद्यात बरंचसं थांबेल असं सांगणाऱ्याला आम्ही दाराबाहेर काढायचो.

लेकीला सांगायचं नाही असं मी हिला बजावलं. तिच्या पोटात मूल आहे. पण शब्दाचं काय? तिला फोन करून काय सांगू, मी येतो पण आणणार कोण? जावई कामानिमित्त परगावी, बाळ येईपर्यंत येतो म्हणतोय. हिला म्हटलं, टॅक्सी करू. ती म्हणाली, "बघू की." तिच्या त्या "बघू की"मध्ये मला काहीतरी शिजत असल्याचा वास आला. नाक गेलंय म्हणे, पण एवढं अजून येतं.

मोठं अक्षर काढायचा व्यायाम सांगितलाय. मागची पानं उघडून बघितली. पहिल्या दिवसाची ओळ आणि पंचवीस तारखेची ओळ शेजारी शेजारी धरली. मुंग्याच झाल्या आहेत. मी कागदाला आणि पेनाला दोष देत बसलो होतो.

२२ एप्रिल

हे लेकीच्या घरातून.

परवा पहाटे तिचा फोन आला. पोटात कळा यायला लागल्या होत्या, जवळजवळ महिनाभर आधी. शेजारीण तिला दवाखान्यात घेऊन निघाली होती. जावई विमानतळावर अडकलेला, अवकाळी पावसामागून आलेल्या धुक्यामुळे उड्डाणं बंद. लेक रडत नव्हती, पण तिचा आवाज लहानपणी पडल्यावर यायचा तसा बारीक झाला होता. एवढंच म्हणाली, "बाबा, आईला आण."

टॅक्सीवाल्यांना फोन लावले. धुकं बघून एकजण घाट चढायला तयार होईना. मला काही सुचेना. हात नुसता लटलटत होता. एवढा तो कधीच हलला नव्हता. मी म्हटलं, मी चालवतो, जे होईल ते होईल. ही म्हणाली, "तुम्ही बाजूला बसा." तिने डबड्याची किल्ली घेतली, चपला काढून बूट घातले आणि चालकाच्या सीटवर जाऊन बसली. सीट पुढे ओढली. आरसे एक एक करून लावले. नवखा माणूस तसं करत नाही.

मी म्हटलं, तू? गेटचा खांब?

म्हणाली, "पट्टा लावा."

पोहायला जाते म्हणे! इतक्या महिन्यांत हिचे केस कधी ओले नव्हते, ते माझ्या डोळ्यांना दिसलं नाही. तळव्याने जग ओळखणाऱ्या माणसाला बायकोचं कोरडं डोकं दिसू नये? मागच्या पावसाळ्याच्या आधीपासून तिला माझा हात माहीत होता आणि मागच्या हिवाळ्यापासून ती गाडी शिकत होती. मी शब्द दिला त्याच्याही आधी. मी लेकीला शब्द देत होतो तेव्हा ही शेजारी बसून संत्री खात होती, आणि तो शब्द आपल्यालाच पाळायचा आहे हे तिला ठाऊक होतं.

घाटात दहा हातांपलीकडे दिसत नव्हतं. खाली दरीची बाजू माझ्याकडची. वरून ट्रक येत होते, आधी नुसता आवाज, मग दिव्यांचे दोन पिवळे ठिपके, मग एकदम भिंतीएवढं तोंड. पहिल्या ट्रकला तिने गाडी इतकी बाहेर घेतली की माझ्या खिडकीखाली रस्ता संपलेला दिसला. मी ओरडणार होतो. तोंड दाबून धरलं. तिच्या कपाळावर घाम होता, ओठ घट्ट मिटलेले. मी काही सांगायला गेलो असतो तर ती बिचकली असती. तीस-पस्तीस वर्षं मी यंत्रांशेजारी उभा राहून हुकूम सोडले. गप्प बसून राहणं त्या दिवशी मला जितकं जड गेलं तितकं दुसरं काहीच गेलं नाही.

मधल्या मोठ्या चढावर डबड्याने नेहमीप्रमाणे दम टाकला. इंजिन घरघरायला लागलं. काटा लाल रेषेकडे सरकला. ती पहिल्यांदा बोलली. "काय करू?"

मी उजवा हात डॅशबोर्डवर ठेवायला गेलो आणि मागे घेतला. डावा ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच डावा तळवा यंत्रावर ठेवला. आधी काहीच कळेना. मग हळूहळू लागलं. इंजिनाची धडधड, पंख्याची घरघर, आणि मधूनच एक अडखळ. म्हटलं, "थांबू नको. एसी बंद कर. खालच्या गिअरवर घे. हीटर पूर्ण सोड, इंजिन थंड होईल." तिने तसं केलं. गाडीच्या आत भट्टी झाली, पण काटा खाली आला. आम्ही दोघं घामाने निथळत, काचा उघडून, धुकं गिळत माथ्यावर पोचलो. ती म्हणाली, "डावा पण चालतो की."

आम्ही पोचलो तेव्हा बाळ अजून यायचं होतं. ही आत गेली. मी बाकावर बसून राहिलो. दुपारी नात झाली. वजनाने थोडी कमी आहे, म्हणून दोन दिवस काचेच्या पेटीत ठेवलंय. दोघी सुखरूप आहेत. जावई संध्याकाळी धावत आला आणि त्याने चुकून आधी वॉर्डमधल्या आयालाच नमस्कार केला.

लेकीला काही सांगावं लागलं नाही. तिने माझा हात बघितला, मग आईच्या पायातले बूट बघितले. "बाबा, तुला आईला आण म्हटलं तेव्हा मला आईच चालवेल हे माहीत होतं," म्हणाली. म्हणजे तिलाही माहीत होतं! या घरात ढिला एकच होता आणि बाकी सगळे मूग गिळून बसले होते.

२९ एप्रिल

आज पान मोठ्या अक्षरात लिहितोय. तीन ओळींची जागा एक ओळ खाते, पण डॉक्टरांचा हुकूम आहे. गोळ्यांनी हात थोडा शांत आहे. वाचणाऱ्याला बरं पडेल.

शोरूमच्या मुलीचा फोन आला. उद्या शेवटचा दिवस आहे, सर. मोठं नोंदवायचं की लहान नेणार? तिचा आवाज भीतभीतच होता. बटाट्यांचा दिवस ती विसरली नसणार.

मी फोन ठेवून हिला विचारलं. नातीचा लंगोट बदलत होती. आता विचारायला हवंच, कारण चालवणार ती आहे. मी तिला नीट समजावलं. परवा जावयाबरोबर इथल्या शोरूममध्ये जाऊन मी दोन्ही गाड्या पुन्हा बघून आलो. मागे बसून, डावा तळवा दारावर ठेवून. मोठं इंजिन खरंच गुळगुळीत आहे, उभ्या गाडीत ते चालू आहे की बंद तेही कळत नाही. लहान हलकं आहे, नाक वळवायला सोपं, घाटालाही पुरेसं. पण उभी असताना त्याला किंचित थरथर आहे. खरी थरथर. माझी नव्हे. डाव्या हाताने खात्री केली.

ती म्हणाली, "मग लहान घ्या."

मी म्हटलं, अगं, पण थरथरतं. पुढची कित्येक वर्षं रोज त्यात बसायचंय. सिग्नलला उभी राहिलीस की जाणवेल तुला.

तिने नातीला गुंडाळून माझ्या डाव्या हातावर ठेवली, आणि माझा उजवा हात उचलून पोरीच्या पोटावर आणून ठेवला. तो हलत होता. पोर झोपलेलीच राहिली.

"थरथरीची मला सवय आहे," ती म्हणाली.

मग ती हात धुवायला गेली. मी जावयाला हाक मारून फोन लावायला सांगितला. मुलगी म्हणाली, नक्की ना सर? मोठं पुन्हा मिळणार नाही.

म्हटलं, नक्की. चालवणारीने ठरवलंय.